ब्लूज ऐकत इझी रन: गाणं संथ, मग पाय का पळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, धावायला लागून आठ महिने झाले, १० किलोमीटर ६२ मिनिटांत होतात. प्रशिक्षकांनी आठवड्यातून तीन दिवस इझी रन, म्हणजे धाप न लागता सावकाश धावणं, दिलाय, किलोमीटरला सव्वासात ते पावणेआठ मिनिटं. तुम्हाला ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं गाणं, आवडतं आणि संथ गाणी कानात असली की पाय आपोआप आवरतील, या हिशेबानं तुम्ही ती लावून धावता. घरी येऊन घड्याळ बघावं तर पेस (किलोमीटरला लागणारी मिनिटं) साडेसहा आणि हार्ट रेट १६३. घड्याळाचा आलेख आणि गाण्यांची यादीही तुम्ही टाकलीय. एक मित्र म्हणतो मिनिटाला १८० बीट्सची प्लेलिस्ट लाव, दुसरा म्हणतो कानात काही घालूच नकोस. तर ब्लूज सोडू का?

सोडू नका. पण ‘गाणं संथ म्हणून मी संथ’ हे गृहीतक सोडा, घोटाळा तिथे आहे.

व्यायाम करताना संगीत ऐकल्यानं काय होतं, यावर कॉस्टास कराजिऑर्गिस यांनी लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात बरीच वर्षं काम केलंय. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी की हलक्या ते मध्यम जोराच्या व्यायामात आवडतं गाणं कानात असलं, तर तेच कष्ट साधारण १० टक्के कमी वाटतात. जोर वाढून धाप लागायला लागली की हा परिणाम ओसरतो, कारण तेव्हा छाती आणि पोटऱ्या गाण्याकडे लक्षच देऊ देत नाहीत. आता इझी रन म्हणजे हलका ते मध्यम जोर. म्हणजे संगीत जिथे सगळ्यात जास्त फसवतं, तिथेच आपण ते लावून पळतोय. कष्ट कमी वाटले की पाय ती सूट लगेच वसूल करतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. हे ब्लूजनंच होतं असं नाही, भावगीतांनीही होईल. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: कानात गाणं असताना आपला दम आपल्याला कसा कळत राहील? आणि या बाबतीत ब्लूजकडे असं काहीतरी आहे जे बाकीच्या बहुतेक संगीतात नाही. त्याकडे येतेच, पण आधी घड्याळ.

तुम्ही टाकलेल्या आलेखात कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६४ आहे आणि हार्ट रेट १६३. हे दोन आकडे एवढे चिकटून दिसले की मी पहिला संशय घड्याळावर घेते. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून कातडीखालच्या रक्ताची धडधड मोजतं. पट्टा सैल असेल, घाम आला असेल, तर हाताच्या हेलकाव्याची लय त्याला नाडीची लय वाटते आणि ते मुकाट पावलंच मोजत बसतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, घट्ट करा. मध्येच थांबून, थांबल्या थांबल्या, गळ्याशी बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. खूप फरक आला तर घड्याळ खोटं बोलतंय. नेहमी पळणार असाल तर छातीचा पट्टा घ्या, त्यानं वाद मिटतो.

तुमच्या वयाला २२० वजा ४१ म्हणजे १७९ हा कमाल हार्ट रेट धरतात. सूत्र ढोबळ आहे, दहाबारा ठोके इकडेतिकडे सहज होतात. त्याच्या ७५ टक्के म्हणजे १३४च्या आसपास. इझी रन त्याच्या आतबाहेर राहायला हवा. १६३ खरा असेल तर तो इझी रन नव्हे. आणि खोटा असला तरी पेस खोटं बोलत नाही. ६२ मिनिटांत १० किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं बारा सेकंद. साडेसहानं पळता तेव्हा तुम्ही शर्यतीच्या वेगापेक्षा जेमतेम १८ सेकंद मागे असता. आठवड्यातून तीनदा असं केलं तर कठीण व्यायामाच्या दिवशी पायात जीव उरत नाही. मग तो दिवस मधल्यामध्ये होतो, आणि सगळेच दिवस मधल्यामध्ये व्हायला लागले की प्रगती अडते.

यात परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्याही गोष्टी आहेत, त्या आधीच कबूल करते. तुम्ही कुठल्या गावचे ते लिहिलेलं नाही. मुंबई-ठाण्याच्या दमटपणात पुण्याच्या डिसेंबरातला पेस मागू नये. ऑक्टोबरात तर पेस विसरून फक्त दमाकडे बघावं. रात्री जागरण झालं असेल, ताप येऊन गेला असेल, तर त्याच वेगाला ठोके चढे राहतात. आणि आठ महिन्यांच्या धावपटूला काही दिवशी सव्वासातही इझी वाटणार नाही, मधे चालावं लागेल. चालण्यात कमीपणा नाही. पहाटे पुण्यात तळजाईच्या टेकडीवर माझ्या गटातले निम्मे लोक चढावर चालतात, आणि त्यांना चालायला मीच लावते.

आता ब्लूज. संथ गाणं पायाला का आवरत नाही, हे एकदा आकड्यात बघा. खऱ्या संथ ब्लूजची लय मिनिटाला ५०-६० मात्रांची असते. पण प्रत्येक मात्रेच्या पोटात तीन तुकडे असतात, ड्रमवाला बहुतेकदा झांजेवर ते तीनही वाजवत असतो. समजा लय ५४ आहे. ५४ गुणिले तीन म्हणजे १६२. तुमचा कॅडन्स १६४! गाणं कितीही रेंगाळू दे, झांजेचा प्रत्येक ठोका तुमच्या एकेका पावलावर बसतोय. कान म्हणतो ‘काय निवांत आहे’, पाय मात्र झांजेबरोबर चाललेत. तीन हा विषम आकडा असल्यामुळे मात्रेची सुरुवात एकदा डाव्या पायावर येते, एकदा उजव्या. मला स्वतःला हे फार आवडतं, चाल एका बाजूला झुकत नाही असं वाटतं. पण यानं वेग कमी होईल अशी अपेक्षा ठेवायला काही आधार नाही.

मध्यम लयीच्या ब्लूजमध्ये ‘शफल’ असतो. मात्रेचे तेच तीन तुकडे, पण वाजवायचा पहिला आणि तिसरा, मधला गिळायचा. त्यानं ठेका किंचित लंगडतो. तुमची पावलं एकसारख्या अंतरानं पडतात, त्यामुळे ती या लंगड्या ठेक्यावर नीट बसत नाहीत. ही माझ्या दृष्टीनं चांगली गोष्ट. जिमात लावतात तसल्या ठोकळेबाज नाचगाण्यात प्रत्येक ठोका सपाट असतो, तो पायाला पकडून ओढत नेतो. शफल ओढत नाही, शेजारून चालतो. आणि एकट्यानं गिटार घेऊन गाणारे जुने लोक तर कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. जॉन ली हूकर ओळ संपली की सूर बदलायचा, मात्रा पुऱ्या झाल्यात का याची पर्वा न करता. त्याच्याबरोबर पाऊल जुळवायला गेलात तर अडखळाल, म्हणून पाय आपोआप आपल्या मर्जीनं पडायला लागतात.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्लूजची नेहमीची बांधणी १२ बारची. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. त्यात तीन ओळी. पहिली ओळ, मग तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा त्यातले साधारण पहिले दोनच वापरतो. उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. गळा थांबला की गिटार, गिटार थांबली की गळा. बी. बी. किंगला तर गाता गाता वाजवता येत नाही असं तो स्वतःच सांगायचा. तो गायचा, थांबायचा आणि मग त्याची गिटार बोलायची. बेसी स्मिथनं जानेवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला ‘सेंट लुइस ब्लूज’ गायलं, त्यात उत्तर द्यायला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) आहे आणि मागे सूर धरायला चक्क पेटी, फ्रेड लाँगशॉ नावाच्या वादकाची. ड्रम नाहीत. एकदा घरी बसून ऐका. बाई ओळ टाकते, कॉर्नेट तिला उत्तर देतो, आणि तेवढ्यात ती श्वास घेते.

ही श्वासाची जागा गाण्यातच ठेवलेली आहे, आणि ती आपल्याला फुकट वापरता येते. मध्यम शफलची लय मिनिटाला १२० धरा. एक बार दोन सेकंदांचा. ओळ चार सेकंदांची, उत्तर चार सेकंदांचं, आख्खं आवर्तन २४ सेकंदांचं. दर दहाएक मिनिटांनी एक आवर्तन तुम्ही गायचं. मोठ्यानं, शब्दांसकट. गुणगुणणं चालणार नाही, तोंड मिटून बरंच काही लपवता येतं. चार सेकंदांत तुमची साधारण ११ पावलं पडतील. तेवढ्यात ओळ न तोडता म्हणता आली पाहिजे, आणि गिटार वाजत असताना घेतलेला श्वास पुढच्या ओळीला पुरला पाहिजे.

पहिली ओळ जवळजवळ सगळ्यांना जमते. दम साठवून कुणीही एक वाक्य बोलू शकतं, म्हणूनच ‘बोलता येतंय का बघा’ ही नेहमीची चाचणी लोक खोटी पास होतात. माणूस ‘हो, मी ठीक आहे’ एवढंच म्हणतो आणि पुढे धापा टाकतो. ब्लूजमध्ये तीच ओळ लगेच पुन्हा येते. शब्द तेच, लांबी तीच, मधली विश्रांती चार सेकंदांची. पहिल्या वेळी सलग गेलेली ओळ दुसऱ्या वेळी मधेच तुटली, तर तुम्ही हद्दीवर आहात, लगेच सावकाश व्हा. तिसरी ओळ नुसती पुटपुटलीत, तर हद्द केव्हाच ओलांडलीय, गाणं संपेपर्यंत चाला. तीनही ओळी सारख्या निघाल्या तर घड्याळ काहीही दाखवू दे, चालू ठेवा.

टेकडीवर लोक बघतात, ही अडचण आहे. माझ्या गटातल्या एकानं सुरुवातीला समोरून कुणी आलं की गाणं गिळायची सवय लावून घेतली होती आणि नेमका तेव्हाच वेगही वाढवायचा. आता तो बेधडक गातो आणि सकाळचे आजोबा त्याला दाद देतात. इंग्रजी शब्द जिभेवर बसत नसतील तर त्याच जागेत स्वतःचं काहीही म्हणा. ‘आज ऑफिसला जायचं नाही मला’ ही ओळ दोनदा म्हणून तिसरीत बॉसचं काय ते सांगितलं की ब्लूज झालाच.

संथ गाण्यावर ही चाचणी करू नका. ६०च्या लयीत दोन बार म्हणजे आठ सेकंद होतात. एवढी लांब ओळ पळताना ताणणं चांगल्या गायकालाही जड जाईल आणि तुम्ही उगाच नापास व्हाल. कुठल्या गाण्याची लय किती, हे कळायला ॲप नको. १५ सेकंद टाळ्या मोजा, चारनं गुणा.

कुणाला ऐकावं, तर इझी रनसाठी माझी पहिली पसंती जिमी रीड. आळसावलेला शफल, जाडसर आवाज, मधे हार्मोनिका, कुठेही घाई नाही. त्याच्याइतका वरच्या चाचणीला सोयीचा दुसरा कुणी मला सापडलेला नाही. पहिली दहा मिनिटं, अंग गरम होईपर्यंत, मिसिसिपी जॉन हर्ट लावा. एकटा माणूस, एक गिटार, अंगठ्यानं धरलेला खर्ज आणि बोलल्यासारखं गाणं. १९२८ मध्ये त्यानं ध्वनिमुद्रिका केल्या, त्या चालल्या नाहीत, आणि तो ॲव्हलॉन नावाच्या आपल्या खेड्यात शेतमजुरी करत राहिला. १९६३ मध्ये लोकांनी त्याला तिथे शोधून काढलं तेव्हा तो सत्तरीत होता, आणि बोटं तशीच चालत होती. नंतर पुन्हा मुद्रित केलेली गाणी पळायला जास्त बरी, आवाज स्वच्छ आहे.

मडी वॉटर्सचं १९५४चं ‘हूची कूची मॅन’ मी एका खास कारणासाठी यादीत ठेवते. वाद्यवृंद एक झटका देतो आणि गप्प होतो, त्या शांततेत नुसता आवाज गातो, परत झटका, परत शांतता. हेडफोन घालून पळणाऱ्या माणसाला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येत नाही. इथे त्या फटीत तो येतो. टाच आपटतेय का, एक पाय घासतोय का, श्वास घरघरतोय का, सगळं दोन सेकंदांत कळतं. रविवारच्या लाँग रनला, तासाभरानंतर डोकं रिकामं झालं की, मिसिसिपीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांतला ज्युनिअर किंब्रो. एकच सूर, एकच ठेका, घुमत राहतो. काहींना त्याचा कंटाळा येतो. मला नाही येत.

टाळायचे कोण, तर एल्मोर जेम्स. तारांवरून नळी घसरवत वाजवायच्या स्लाइड गिटारचा तो धारदार तिहेरी झटका सुरू झाला की माणूस पळत सुटतो. हूकरचं १९४८चं ‘बूगी चिलन’ही नको, त्यात तो पायानं जमीन ठोकतोय आणि तो ठोका थेट तुमच्या तळपायात उतरतो. हूकरची संथ गाणी घ्या. थेट मैफिलीचं मुद्रणही इझी रनला नको. बी. बी. किंगची १९६४ची शिकागोच्या रीगल थिएटरमधली मैफल मला पाठ आहे इतकी ऐकलीय, पण प्रेक्षकांतून किंकाळी उठली की मी हमखास किलोमीटरला १५-२० सेकंदांनी जास्त वेगात असते. लांबलचक गिटार सोलोचंही तेच, तो चढत जातो आणि आपणही. मुंबईत २०११ मध्ये महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला शिकागोचा गिटारवादक बडी गाय आला होता. मेहबूब स्टुडिओतल्या त्या वाद्यांनी ज्यांना ब्लूजचं वेड लागलं, त्यांना विजेवरची धारदार गिटार म्हणजेच ब्लूज वाटतं. तुमच्या यादीत तोच मामला दिसतोय. पायाला आवरणारं सामान बरंचसं त्याच्या आधीच्या पिढीत आहे.

जुन्या तबकड्यांचा आणखी एक फायदा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची, त्यामुळे गाणी त्याच मापाची आहेत. रॉबर्ट जॉन्सननं १९३६ आणि १९३७ मध्ये सॅन अँटोनियो आणि डॅलसमध्ये २९ गाणी मुद्रित केली, बहुतेक अडीच ते तीन मिनिटांची. चालणं-धावणं मिसळायचं असेल तर तीन गाणी धावा, चौथं चाला. घड्याळाची पिपाणी ऐकायला नको.

कानांबद्दल मी हट्टी आहे. रस्त्यावर दोन्ही कान बंद करून धावायचं नाही, अंधारात तर कानात काहीच नको. उलट्या बाजूनं येणारी दुचाकी, मागून येणारं कुत्रं, टेकडीवर मागे चाललेला अनोळखी माणूस, हे आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. माझ्या गटातल्या बायकांना यातलं शेवटचं समजावून सांगावं लागत नाही. एकच इअरफोन लावा. बाकी संगीतात यानं अर्धं गाणं हरवतं, कारण गिटार एका कानात आणि गळा दुसऱ्या. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५८ मध्ये, त्याआधीचं जवळपास सगळं मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आहे. एका कानानं ऐकलं तरी काही सुटत नाही. नंतरची गाणी असतील तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करा. कान उघडे ठेवणारे, गालाच्या हाडावर बसणारे हेडफोनही चालतात, खर्ज थोडा पातळ लागतो. आवाज एवढाच ठेवा की स्वतःचा श्वास त्यातून ऐकू येईल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असा आहे, पण रहदारीच्या रस्त्यावर माणूस गाडीचा आवाज झाकायला नकळत बटण वर नेतो. त्यापेक्षा शांत वाट निवडा.

राहिला १८०चा मित्र. हा आकडा प्रसिद्ध झाला तो जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकामुळे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी धावपटूंची पावलं मोजली, आणि जवळजवळ सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा जास्त भरली. ते ऑलिम्पिकचे धावपटू होते आणि शर्यत धावत होते. तुम्ही बुधवारी पहाटे सव्वासातच्या पेसनं पळताना १६० च्या आसपास असाल तर काही बिघडलेलं नाही. १८०ची प्लेलिस्ट इझी रनला लावलीत तर आज होतंय तेच आणखी जोरात होईल. तिला इंटरव्हलच्या, म्हणजे मधे विश्रांती घेत तुकड्यातुकड्यानं जोरात धावायच्या, दिवशी ठेवा, तिथे ती शोभते. कानात काहीच घालू नकोस म्हणणाऱ्या मित्राचं अर्धं ऐका. तीनपैकी एक इझी रन बिनगाण्याचा करा, म्हणजे १० टक्क्यांची सूट काढून घेतल्यावर शरीराला खरोखर काय वाटतं ते माहीत राहील, आणि बाकीच्या दोन दिवशी त्याच्याशी ताडून बघता येईल.

पुढचे दोन आठवडे एवढंच करा: पट्टा घट्ट, सुरुवातीला हर्ट, मग जिमी रीड, दर दहा मिनिटांनी एक आवर्तन गाऊन बघणं. पेसकडे धावताना बघू नका, घरी येऊन बघा. सातच्या खाली असेल आणि तरी तिसरी ओळ सलग निघत असेल, तर प्रशिक्षकांशी बोला, कदाचित त्यांनी दिलेला पेसच जुना झाला असेल. आणि पट्टा घट्ट केल्यावरही कॅडन्स आणि हार्ट रेट असेच हातात हात घालून आले तर आलेख पुन्हा इथे टाका, मी बघते.